सेवा नको, कलम सांगा
(मोहर्ली येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली ओझी उचलतो. मॅट्रिक झालोय. कविता करतो, पण आज कविता म्हणणार नाही. पहाटे तुमच्या गेटावर जिप्स्यांची रांग पाह्यली. वाघ बघायला कुठनं कुठनं माणसं येतात. मला ज्या प्राण्यावर बोलायचंय तो पाच वर्षांतनं एकदा दिसतो. आमदार-खासदार.

त्याच्या फलकावर 'जनसेवक' लिहिलेलं असतं. सेवा म्हंजे काय, तर मयतीला येणं, बोअर मारून देणं, विहारावर पत्रे टाकणं, भीमजयंतीला वर्गणी देणं. तहानलेल्याला बोअर लागतेच, तिला नाव ठेवत नाही. पण तिचा पैसा त्याच्या बापाचा नव्हे, आणि त्याला निवडून दिलं ते बोअरसाठी नव्हे. कायदा करणं, वाईट कायदा अडवणं, कायद्यातला एक शब्द बदलून घेणं हे त्याचं काम. ग्रामपंचायतीचं काम खासदार करणार, तर खासदाराचं काम कोण करणार?

हे तुमच्या जिल्ह्याला नवीन सांगायला नको. चांद्यात १९२५ साली जन्मलेले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे तुमचेच. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली, ती घडवून आणण्यात तेच पुढं होते. राज्यसभेत गेले, १९६९ ते १९७२ तिथले उपसभापती झाले. चांद्याचा बौद्ध त्या खुर्चीवर बसला म्हणून छाती फुगते. फुगू द्या. मला मात्र त्या खुर्चीपेक्षा एक कागद मोठा वाटतो.

तो कागद म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं मागणीपत्र. १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेलं. दादासाहेब गायकवाड, खोब्रागडे ही त्या वेळची पुढारी मंडळी. मागण्या बघा: कसणाऱ्याला जमीन. पडीक जमीन भूमिहीनाला. किमान वेतनाचा कायदा नुसता छापून ठेवू नका, लागू करा. धान्याचे भाव आवरा. झोपडपट्टीतल्या माणसाचं जिणं सुधारा. नोकरीतल्या राखीव जागा भरा. बौद्धांना सवलती द्या. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर लावा. सबंध देशाचं धोरण बदला म्हणणारा कागद आहे हा, एका जातीसाठी घातलेला पदर नव्हे. आणि नुसता कागदच नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह झाला, तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. पोरं कडेवर घेऊन बाया गेल्या. मागणी सभागृहात पोचायची तर तिला तुरुंगातनं जावं लागतं, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांना कळलं होतं.

पुढं काय झालं? तसबीर लागली, १२ एप्रिल १९९० ला. बौद्धांच्या सवलतीही त्याच साली. म्हंजे सव्वीसएक वर्षं. आणि जमीन? तसबिरीला भिंत लागते, ती सरकारकडं होती. जमीन कुणाच्या तरी हातातनं सोडवावी लागते. राज्यकर्ता भिंत लवकर देतो. तोवर आपला पक्षही फुटला होता, त्यातल्या एका तुकड्याला खोब्रागडे गट म्हणायचे. बॅरिस्टरांबद्दल आदर ठेवूनच हे बोलतो. गट झाले आणि मागणीपत्र घड्या घालून पेटीत गेलं.

बरं, कायदा मिळाला म्हणून निजायचं नसतं. आमच्या गोदीचंच सांगतो. पूर्वी रोज सकाळी मुकादम दरवाज्यावर माणसं निवडायचा, उरलेले उपाशी परत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार-नियमनाचा कायदा आला. त्यावर पुढं मंडळ झालं, माणसाची नोंद झाली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे ठरले. १९९७ साली दुसरा कायदा करून मोठ्या बंदरांतनं पहिला कायदा काढून घ्यायची वाट मोकळी केली. आज माझी नोंद ठेकेदाराच्या वहीत. काम नसलं की पैसे नाहीत. पहिला कायदा करताना हात वर झाले, तसेच दुसरा करतानाही झाले. ते हात कुणाचे होते ते कामगारानं विचारलं नाही, कारण त्याचा खासदार त्याच्या पोरीच्या लग्नाला येऊन गेला होता.

आता तुमच्या जंगलाचं. २००६ चा वनहक्क कायदा. २००५ साली विधेयक आलं तेव्हा त्यात फक्त आदिवासी होते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनं, अध्यक्ष किशोरचंद्र देव, सांगितलं की जंगलावर जगणारे बाकीचे लोकही घ्या. घेतले. पण अट ठोकली: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हंजे पंचाहत्तर वर्षं, तुम्ही इथं राहत होता हे दाखवा. जंगलपट्ट्यातला बौद्ध, ढिवर, सगळे या अटीखाली. गोंड भावाच्या हक्काला आपला विरोध नाही, त्याच्या ताटातलं आपण मागत नाही. पण हिशेब करा. पंचाहत्तर वर्षं मागं म्हंजे १९३०. त्या साली आपण नाशकात काळारामाच्या दारात मार खात होतो. देवळात शिरू न देणारे आपल्या नावावर जंगलाचा पट्टा लिहून ठेवणार होते काय? गावचा कोतवाल बहुतेक महार. दुसऱ्यांच्या जन्ममरणाची खबर तो पायपीट करून ठाण्यात पोचवायचा. कोतवाल पंजीत जात मात्र न चुकता लिहिली गेली. आता तीच पंजी शोधून काढा. तिचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

आणि हे नीट ऐका, कारण कचेरीत हे कुणी सांगत नाही. कसत असलेली तीच जमीन पंचाहत्तर वर्षं ताब्यात पाहिजे असं नाही, वास्तव्य पाहिजे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं २००८ सालीच तसा खुलासा केलाय. २००८ च्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको आणि लेखी नोंदवलेला पाहिजे. एका पुराव्यावर थांबू नका, जोडीला दुसरा द्या. अमुकच कागद आण म्हणून वरच्या समितीला अडून बसता येत नाही, ही तरतूद २०१२ साली आली. दावा आधी ग्रामसभेत. तो फेटाळला तर लेखी कारण मागा, साठ दिवसांत अपील करा. आणि अभयारण्यातनं उठवायला आले तर आधी हक्क ठरवा, मग ग्रामसभेची संमती घ्या, असं त्याच कायद्याचं चौथं कलम म्हणतं.

तर पुढच्या खेपेला साहेब आले की हार घाला, चहा द्या, आणि विचारा: ही पंचाहत्तर वर्षांची अट काढायची दुरुस्ती तुम्ही कधी मांडणार? तारीख सांगा. तो बोअरचं बोलायला लागेल. तुम्ही परत तारीख विचारा.

म्हाताऱ्यांचे जबाब मात्र त्याच्यासाठी थांबवू नका. या गावात ऐंशीच्या वरची किती माणसं उरलीत, ते आज बैठक उठायच्या आत वहीत उतरवा.