अंगठ्याखालचं रीळ

मी भिवंडी तालुक्यातली, वज्रेश्वरीच्या अलीकडे तानसा नदीच्या काठाला राहते. घरी कांडी मशीन आहे, बारा वर्षं झाली कांड्या भरतेय. आज मात्र मी मासे गरवण्याबद्दल बोलणार आहे, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याबद्दल.

आपल्यातल्या बायका मासे विकतात, सुकवतात, ओढ्यात उतरून मुठे धरतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण बाई काठी घेऊन काठावर बसली की रस्त्यावरची मोटरसायकल थांबते. माझ्यासाठी पहिल्या महिन्यात तीन थांबल्या. एकाने विचारलं, "ताई, घरात पुरुषमाणूस नाय का?" होता. माझ्या शेजारी खुर्चीत बसलेला होता.

ते माझे मामा. परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि किती तरी कायमचेच बसले. मामा भिवंडीला मागावर आले. मुंबईत असताना सुट्टीच्या दिवशी ते पवई तलावावर जायचे. तिथे काठ्या-रिळं घेऊन बसणारे हौशी लोक असायचे. मामा नुसते बघत उभे राहायचे. पुढे चोरबाजारातून त्यांनी एक जुनं रीळ आणलं आणि तानसेवर बसून स्वतःच शिकले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. रीळ खुंटीला लटकलं. मामा रोज त्याच्याकडे बघत बसायचे. मामी म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाकते, बघवत नाही. मी म्हटलं, थांब, मला शिकू दे.

आता हे रीळ कसं असतं ते सांगते. बशीएवढं चाक, मधोमध एक खिळा, चाकाला दोन लहान मुठी. आत दातेरी चाकं नाहीत, काही नाही. बोटाने टिचकी मारली की फिरतच राहतं. हल्ली दुकानात मिळतं ते रीळ वेगळं, त्याचा गठ्ठा जागेवर उभा असतो आणि तंगूस टोकावरून सुटत जातो. ज्यांच्या घरी सुताचं काम आहे त्यांना लगेच कळेल. दुकानातलं रीळ म्हणजे आपल्या कांडी मशीनचा कोन. कोन फिरत नाही, सूत वरून निघतं. मामांचं रीळ म्हणजे मागाचा बिम. बिम स्वतः फिरून ताणा सोडतो. तो जास्त फिरून ताणा सैल पडू नये म्हणून त्याला दोरी गुंडाळून वजनं लटकवलेली असतात. या रिळाला वजन नाही. वजनाचं काम आपल्या अंगठ्याने करायचं. सगळं शिकणं एवढ्यासाठीच आहे.

माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं, की इंग्लंडात नॉटिंगहॅम नावाचं शहर आहे, तिथली लेस विणण्याची यंत्रं जगात नावाजलेली, आणि अशाच जातीचं लाकडी रीळही त्याच शहराच्या नावाने ओळखलं जायचं. विणकरांच्या गावाला असलं चाक कळणारच, मला नवल वाटलं नाही.

मी अंगणात शिकले. गळ लावलाच नाही. गळाच्या जागी मागाचा एक जुना नट बांधला आणि वीस पावलांवर सूप ठेवलं. काठी उजव्या हातात, अंगठा चाकाच्या कडेवर. नट काठीच्या टोकापासून दीड हात खाली लोंबत ठेवायचा. डाव्या हाताच्या चिमटीत रीळ आणि काठीची पहिली कडी यांच्या मधला तंगूस. मग काठी बाजूने पुढे फिरवायची, झटका न देता, झोका दिल्यासारखी. त्याच वेळी डाव्या हाताने तंगूस ओढायचा आणि अंगठा उचलायचा. हलकं वजन एकटं ते चाक फिरवू शकत नाही, सुरुवात हाताने करून द्यावी लागते. नट उडाला की चिमूट सोडायची, आणि अंगठा पुन्हा कडेला नुसता टेकवायचा. दाबायचा नाही. तव्यावरची भाकरी बोटांनी फिरवतो तेवढाच स्पर्श. नट खाली पडताक्षणी मात्र दाबायचा.

हे सांगायला दोन मिनिटं लागली, जमायला अडीच महिने. अंगठा उशिरा लागला की चाक नटाच्या पुढे धावतं आणि तंगुसाचं घरटं होतं. लवकर लागला की नट मागे फिरून आपल्याच अंगावर येतो. माझ्या कपाळावर एकदा टेंगूळ आलं, सासूबाई दोन दिवस हसत होत्या. मामा ओटीवरून ओरडायचे, "सोर!" आमच्या आगरीत सोड म्हणायचं तर सोर. त्यांच्या तोंडून तेवढे दोनच शब्द धड निघायचे, "सोर" आणि "धर". कधी ते उशिरा यायचे, कधी उलटसुलट. मला राग यायचा. एक दिवस मी चिडून म्हणाले, हात दाखवता येत नाही तर गप्प तरी बसा. ते खरंच गप्प बसले, आठ दिवस. आठ दिवसांत माझा एकही नट सुपापर्यंत गेला नाही. नवव्या दिवशी मी खुर्ची स्वतः उचलून अंगणात आणली आणि त्यांना म्हटलं, ओरडा.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी सोपी रीत आहे. काठीच्या कड्यांमधून डाव्या हाताने तंगुसाचे दोन-तीन वेढे ओढून धरायचे, काठी फिरवली की सोडायचे. लांब जात नाही, पण गुंताही होत नाही. ओढ्याला तेवढं पुरतं.

काही गोष्टी मात्र ऐकूनच ठेवा. विजेच्या तारांखाली काठी उभी करू नका, ओला बांबूसुद्धा करंट घेतो. मागे मूल उभं असेल तर गळ फेकू नका. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडतात तेव्हा काठाच्या खडकावर बसू नका, पाणी सांगून वाढत नाही. तलाव कुणाच्या ठेक्यात असेल तर आधी त्या संस्थेला विचारा. आणि वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासा चढणीला लागतो तेव्हा, पोटात गाबोळी असलेली मादी सोडून द्या. खायला गोड लागते, मला माहीत आहे. मीही खाल्ली आहे.

थंडीतल्या एका शुक्रवारी, माग बंद होते, आम्ही मामांना रिक्षात घालून नदीवर नेलं. प्लॅस्टिकची खुर्ची वाळूत रुतत होती म्हणून खाली फळी टाकली. मी कणकेची गोळी लावून गळ टाकला. पहिला काठाच्या करंजाच्या झाडात अडकला. दुसरा बरा गेला, बुचाचा तुकडा पाण्यावर सरळ उभा राहिला. तास गेला. मग बूच बुडालं.

काठी मी दोन्ही हातांनी धरली आणि मामांकडे वाकले. रिळाची मूठ त्यांच्या डाव्या हातात आली. या रिळात मधे काहीच नसतं ना, एक फेरा फिरवला की चाकाचा एकच फेरा होतो, आणि माशाची ओढ थेट बोटांना लागते. मासा खोल पाण्याकडे वळला. मी "सोर" म्हणायच्या आत त्यांनी बोटं उघडली, चाक करकरत मागे फिरलं. मग हळूच कडेला तळवा टेकवला, आणि थांबल्यावर पुन्हा गुंडाळू लागले. असं तीन वेळा झालं. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

रोहू होता, किलोभराचा. झोळी आम्ही घरीच विसरलो होतो, म्हणून मामी पाण्यात उतरली आणि तिने तो पदरात धरला.