जवळून पाहणे



इंदिरा संत यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेले आणि पुढील बरेचसे आयुष्य बेळगावात. 'बाळ उतरे अंगणी' या त्यांच्या कवितेत घटना ती काय? एक मूल अंगणात उतरते आणि आंबा त्यावर सावली धरतो. रोजचे अंगण इतक्या जवळून पाहिले की त्याचेच काव्य होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. 1946 साली त्यांचे पती ना. मा. संत निवर्तले. तो शोक मी त्यांच्या प्रत्येक कवितेत शोधीत असे व तसेच शिकवीत असे. एकदा निपाणीकडील एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, कवितेतले अंगण आधी पाहायचे नाही का?'' मी निरुत्तर झालो.

तिची आई विड्या वळीत असे. आईच्या मांडीवरील सुपाविषयी लिहून आण, असे मी तिला सांगितले. तिने लिहिले ते तेंदूच्या पानावर दोरा गुंडाळून आईच्या बोटाला पडलेल्या खाचेविषयी. 'दारिद्र्य' हा शब्द त्यात कोठेही नव्हता; मला मात्र ते सारे घर दिसले. दुःखाच्या शोधात मी वस्तू ओलांडून जात होतो. कवयित्रीने ते वस्तूतच ठेवले होते.

आपल्या सीमाभागात भाषेविषयी मोठे शब्द पुष्कळ उच्चारले गेले. माझी या शाळेला एवढीच विनंती आहे : मुलांचा पहिला निबंध घरातील एखाद्या वस्तूवर असावा, आणि ती हातात घेऊन लिहिलेला असावा.