सातबाऱ्यावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मृत्युपत्राविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा संकोचले. आनंदाच्या दिवशी असला विषय कशाला! पण मग वाटले, ज्या घरात हा विषय वेळेवर निघत नाही, तिथे तो तेराव्याच्या दिवशी निघतो. आमच्या घरी तसेच झाले.

वडील २०११ साली गेले. शेत सात एकर. पाच एकर आजोबांपासून चालत आलेले, आणि विहिरीलगतचे दोन एकर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले. माझे दोघे भाऊ थोर, मी धाकटी. पाहुणे उठल्यावर थोरल्या भावाने ट्रंकेतून वहीचा एक कागद काढला. वडिलांच्या हातचे मृत्युपत्र! सगळी जमीन दोघां मुलांना निम्मी निम्मी. मुलीचे लग्न करून दिले आहे. आणि शेवटी एक ओळ, ‘मंडळीस दोघांनी सहा सहा महिने सांभाळावे.’

आई भिंतीशी बसली होती. चाळीस वर्षे त्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली बाई. ती एवढेच म्हणाली, “मी काय बैल आहे, पाळीपाळीने दावणीला बांधायला?” कोणी काही बोलले नाही. वडील दुष्ट नव्हते हो. त्यांच्या बापानेही असेच केले असते. पण आईचे ते वाक्य माझ्या कानांतून जाईना.

आठ दिवसांनी भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. “ताई, एक सही कर.” मी म्हटले, आधी वकिलांना विचारते. भाऊ रागावला, ते साहजिकच होते.

वकिलांनी जे सांगितले ते प्रत्येकीने ध्यानात ठेवावे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. परंतु निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. आमच्या कागदावर शेजारच्या अप्पांची एकच सही होती. दुसरी जागा कोरी. म्हणजे कागद फुकट!

आणि कागद पक्का असता तरी? माणसाला मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्याचेच देता येते. वडिलोपार्जित पाच एकरांत वडील, आई, दोन मुलगे आणि मी असे पाच वाटे. म्हणजे वडिलांचा एकच एकर. तो एक आणि विहिरीचे दोन, एवढे तीन एकर त्यांच्या मर्जीचे. मृत्युपत्र टिकले नाही म्हणून तेही आम्हां चौघांत सारखे, तीस तीस गुंठे. प्रत्येकाला एक एकर तीस गुंठे आले.

“माझे लग्न तर १९९० सालचे,” मी म्हटले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो त्या वेळी अविवाहित असणाऱ्यांनाच होता. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झाले असेल तर ते उकरून काढता येत नाही.

मी सही केली नाही. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. फेरफार होऊन सातबाऱ्यावर चौघांची नावे लागली. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, ती सारावसुलीसाठीची नोंद आहे; तरी नाव नसले की बाईला कोणी विचारीत नाही, हेही खरे.

किंमत मोजावी लागली. दोन वर्षे भाऊबीजेला कोणी आले नाही. ताट वाढून मी दाराकडे पाहत बसे. तिसऱ्या वर्षी धाकटा आला, त्याच्या मागून थोरलाही. मला जमीन विकायची नव्हती, हे तोवर त्यांना कळले होते. शेत भाऊच करतात. आईच्या वाट्याचे धान्य आणि पैसे तिच्या हातात देतात. आई आपल्या जागी, आपल्या चुलीपाशी आहे.

नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी बायांचा मोठा मेळावा झाला. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि कितीतरी नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. माझ्या वडिलांच्या कानांवर ती हाक गेली असती तर! असो.

१९५६ च्या कायद्याने बाईला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची असते. म्हणून मागच्या वर्षी आईने आपले मृत्युपत्र केले. डॉक्टर आणि शाळेचे गुरुजी असे दोन साक्षीदार घेतले, निबंधकाच्या कचेरीत नोंदही केली. कोणाला काय लिहिले ते मला ठाऊक नाही. भाऊ विचारतात, तर ती म्हणते, “मी आहे तोवर नीट वागा, म्हणजे झाले.”