बंद कवटीतील दाब

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या डाव्या तीरावर बराकपूर वसले आहे. हे जुने छावणीचे गाव. १८५७ साली मंगल पांडे यांनी झाडलेल्या गोळीने ते सर्व देशाला परिचित झाले. येथील भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. अशा सखल प्रदेशातील छावणीतून एखादा जवान सिक्कीमच्या सरहद्दीवर नथु ला खिंडीत गेला, तर तो सुमारे ४,३०० मीटर उंचीवर जाऊन पोहोचतो. घाईने पोहोचला, तर पहिल्याच एकदोन दिवसांत त्याचे डोके ठणकू लागते, अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात, झोप लागत नाही. सोबत्यांना वाटते, याला घराची आठवण येत असेल किंवा कामाचा कंटाळा आला असेल. डोकेदुखी ही दुसऱ्याच्या दृष्टीस न पडणारी गोष्ट आहे. म्हणून तिच्याविषयी शंका घेणेही सोपे असते.

परंतु त्या वेळी कवटीच्या आत काय चाललेले असते? प्रौढ माणसाची कवटी ही न ताणली जाणारी हाडाची पेटी होय. तिच्यात तीन पदार्थ असतात : मेंदू, रक्त आणि मेंदूला व पाठीच्या मज्जारज्जूला वेढणारा पाण्यासारखा निर्मळ द्रव. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण दिवसाकाठी तो सुमारे अर्धा लिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली या बंद पेटीचा विचार मांडला. त्यातून पुढे नियम सिद्ध झाला तो असा, की तिघांपैकी एक वाढला, तर इतरांनी जागा दिली पाहिजे. प्रारंभी थोडा द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांतील थोडे रक्त बाहेर जाते, आणि दाब फारसा चढत नाही. ही सवलत संपली, की मात्र गच्च भरलेल्या ट्रंकेसारखी अवस्था होते. मग किंचित भर पडली तरी दाब एकदम उसळतो.

उंचीवर प्राणवायू विरळ होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि काही जणांच्या मेंदूत पाणी झिरपून सूज येते. भारतीय लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १,९२५ जवानांच्या या विकाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या पाठीत सुई घालून त्यांनी द्रवाचा दाब मोजला. बरे झाल्यानंतरच्या दाबापेक्षा आजारातील दाब ६० ते २१० मिलिमीटर पाण्याइतका अधिक भरला. जवानाची तक्रार अशा रीतीने अंकांत उतरली.

म्हणूनच आपल्या सैन्यात चढण टप्प्याटप्प्याने करविली जाते : ९,००० फुटांवर ६ दिवस, १२,००० फुटांवर ४ आणि १५,००० फुटांवर आणखी ४ दिवस. एवढे करूनही कोणी झोकांड्या देऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर त्याला विनाविलंब खाली आणणे हाच मुख्य उपाय. प्राणवायू आणि सूज उतरविणारे औषध हे त्याचे साहाय्यक.

हाच दाब सपाटीवरच्या घरातही वाढतो. मेंदूतील गाठ, डोक्यास झालेली इजा, क्षयामुळे मेंदूच्या आवरणास आलेली सूज ही त्याची कारणे होत. कधी यांपैकी काहीही सापडत नाही. असा प्रकार विशेषतः वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत आढळतो. डोके दुखते, वाकल्यावर दृष्टी क्षणभर अंधारते, कानांत नाडीच्या ठेक्यावर घूं घूं आवाज येतो. घरची माणसे म्हणतात, "कामाचा शीण असेल, बाम लाव आणि नीज." इकडे वाढलेला दाब दृष्टीच्या मज्जातंतूला चेपीत असतो, आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही.

सुदैवाने या बंद पेटीला एक खिडकी आहे. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले. त्यातून दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुखाशी आलेली सूज वैद्याला प्रत्यक्ष दिसते. सूज दिसली, की प्रथम मेंदूचे चित्र काढतात आणि ते पाहूनच पाठीतील द्रवाचा दाब मोजतात. पुढचा उपचार कारणानुसार ठरतो. कारण न सापडणाऱ्या प्रकारात वजन घटविणे आणि द्रवाची निर्मिती मंदावणारे औषध यांनी बहुतेकांची दृष्टी राखता येते. क्वचित शस्त्रक्रियेने नळी बसवून जादा द्रवाला वाट करून द्यावी लागते.

बहुतेक डोकेदुखी साधी असते, आणि प्रत्येक वेळी भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु दिवसेंदिवस वाढणारी, पहाटे जागे करणारी, उलटी अथवा अंधुक दृष्टी यांसह येणारी डोकेदुखी ही ढोंग म्हणून टाळण्याजोगी गोष्ट नव्हे. तक्रार करणारा जवान असो वा घरातील सून, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला वेळीच डॉक्टरांकडे नेणे, ही उपचाराची पहिली पायरी आहे. आणि ती चढणे घरच्यांच्या व सोबत्यांच्याच हाती असते.