गाडी महिन्याच्या भाड्यानं देताना

आम्ही ठाण्याच्या माजिवड्यातल्या बचत गटाच्या बाया. आज गाडीबद्दल बोलणार आहोत. म्हणाल, पापड-लोणच्याच्या बायांना गाडीचं काय? पण माजिवडा म्हणजे नाकाच आहे. नाशिकचा रस्ता इथून फुटतो, घोडबंदरचा इथून फुटतो. आमच्या निम्म्या घरांची चूल गाडीवर पेटते. कुणाचा नवरा टेम्पोवर, कुणाचा मुलगा टॅक्सीवर.

तर झालं असं. मासिक बैठकीत आमच्या एका सभासद ताईनं एक लाखाचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? तर नव्या गाडीचं डाउन पेमेंट भरायला. बाकीचे सात लाख बँक देणार होती. गाडी स्वतः चालवायची नाही, एका एजंटाला द्यायची. तो ती कंपन्यांना लावणार आणि दर महिन्याला ४५ हजार घरी आणून देणार. बँकेचा हप्ता साधारण १५ हजार. बसल्या जागी ३० हजार सुटतात, असं ताईचं म्हणणं. तिच्या भावानं शहापूरकडं अशीच गाडी दिली होती आणि दोन महिन्यांचं भाडं त्याला वेळेवर मिळालंही होतं.

खरं सांगतो, आमच्यातल्या बऱ्याच जणी हो म्हणायच्या बेतात होत्या. आमच्या सर्वात वयस्कर सभासद शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, पण हिशेब तोंडी करतात. त्या म्हणाल्या, "आठ लाखांच्या गाडीला महिना ४५ हजार, म्हणजे दीड वर्षात गाडीचे पैसे फिटले. मग तो माणूस स्वतःच गाडी का घेत नाही? तुझ्या दारात कशाला आला?"

यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. आम्ही कर्ज एक महिना थांबवलं. ताई रुसली, दोन बैठकांना आलीच नाही.

तिसऱ्या महिन्याचं भाडं भावाला आलं नाही. एजंटाचा फोन बंद, ऑफिस म्हणून दाखवलेल्या खोलीला कुलूप. मग चौकशी करताना एकेक कळत गेलं. भावानं दोन्ही चाव्या दिल्या होत्या, आरसी दिली होती, आणि "ऑफिसच्या कामासाठी" म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्याही दिल्या होत्या. बायांनो, हे दोन फॉर्म गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे असतात. भाड्यानं द्यायच्या गाडीला त्यांचं काय काम?

हा एकट्याचा प्रकार नव्हता. २०२५ मध्ये मुंबई, मीरा-भाईंदर भागात अशाच फसवणुकीचे मोठे गुन्हे उघडकीला आले. महिन्याला ५५ ते ७५ हजार भाड्याचं आमिष दाखवून लोकांच्या गाड्या नेल्या होत्या. पोलिसांनी त्यातल्या दोनशेहून जास्त गाड्या परत मिळवल्या. आपल्या शहापूर-भिवंडीकडं समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, मोबदला आला, दारात नवी गाडी उभी राहिली. उभ्या गाडीचा हप्ता भरताना जीव जातो, हे एजंटाला बरोबर ठाऊक असतं.

आता नंबर पाटीचं सांगतो, कारण आम्हालाही ते नीट माहीत नव्हतं. पांढरी पाटी म्हणजे घरच्या वापराची गाडी. ती भाड्यानं देता येत नाही. तसा अपघात झाला तर घरगुती विमा त्याला लागू होत नाही, कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे परवाना असलेली, ड्रायव्हरसकट भाड्यानं जाणारी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे गिऱ्हाइकानं स्वतः चालवायची भाड्याची गाडी. त्यासाठी १९८९ ची केंद्राची योजना आहे आणि तिच्यात परवान्याला किमान ५० गाड्यांची अट घातली होती. म्हणजे आपल्यासारखीनं एक गाडी घेऊन ती कुणाच्याही हातात सोडायची, हे कायद्यात बसणारं कामच नाही.

आणि गाडीनं वाटेत कुणाला उडवलं तर? आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाडी कुठं आहे ते आपल्याला माहीत नाही, पण नुकसानभरपाईची नोटीस आपल्याच दारात. शिवाय कर्जाची गाडी बँकेकडं तारण असते. गाडी गेली म्हणून हप्ता थांबत नाही.

भावाला तक्रार द्यायलाही दोन चकरा झाल्या. हद्द आमची नाही म्हणाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, पोलीस ठाण्यानं तक्रार नोंदवून पुढं पाठवायची असते. हे आम्हाला गटाच्या प्रशिक्षणात कळलं होतं, म्हणून आम्ही चौघी त्याच्यासोबत गेलो. तक्रार घेतली गेली. गाडी पाच महिन्यांनी सापडली, तिचा नंबर बदललेला होता. ती ताब्यात घ्यायला कोर्टात अर्ज, हमीपत्र, वकिलाची फी. त्या सगळ्या महिन्यांचे हप्ते त्यानं भात विकून आणि वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून भरले.

मग महिन्यानं गाडी लावूच नये का? लावावी की. पण आपला माणूस स्टिअरिंगवर असावा. आमच्या ताईला गटानं पुढं कर्ज दिलं, त्या एजंटासाठी नाही. तिच्या नवऱ्यानं जुनी पिवळ्या पाटीची गाडी घेतली, आणि एका रुग्णालयाच्या नर्सबायांना ने-आण करायचा वर्षाचा करार केला. करार करताना आम्ही हट्टानं तीन गोष्टी लिहून घेतल्या: महिन्याला किती किलोमीटर आणि त्यावर जास्त झाले तर किती पैसे, पेट्रोल कुणाचं, आणि गाडी दुरुस्तीला गेली त्या दिवसांचं काय. पहिल्या कागदात किलोमीटरचा आकडाच नव्हता. तसाच सही केला असता तर घोडबंदरच्या वाहतूककोंडीत सगळी कमाई धुरात गेली असती. आता सगळं वजा जाता हातात १४-१५ हजार राहतात. ४५ हजारांपुढं हे काहीच नाही, असं ताई अजून कधीकधी चिडून म्हणते.

गाडी संध्याकाळी दारात दिसते, हे मात्र तिची सासू सगळ्या गल्लीला सांगते.

तुमच्या गावात असा कुणी एजंट आला असेल, कागदावर सह्या झाल्या असतील, तर कागदाचा फोटो घेऊन गटाच्या बैठकीला या. हप्ता चुकायच्या आधी या. लाज वाटून घरी बसू नका, आमच्या ताईचा भाऊ पंधरा दिवस घरीच बसला होता.