अर्धसत्याचे उरलेले अर्धे
(कणकवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोलिसावरचा एखादा चित्रपट ‘खरा’ वाटतो म्हणजे नेमके काय वाटते, हा प्रश्न कणकवलीत विचारण्यास विशेष कारण आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला दोन प्रकारची माणसे पुरविली. गिरण्यांना कामगार आणि पोलीस दलाला शिपाई. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मनीऑर्डरीवरील जिल्ह्याचे नाव बदलले, पाठविणारे हात तेच राहिले. एकाच घरातील एक भाऊ साच्यावर आणि दुसरा पोलीस लाईनीत, ही येथे नवलाची गोष्ट नव्हती. मोर्चाच्या दिवशी हे दोघे समोरासमोर येत आणि गणपतीला एकाच पंगतीत बसत. अशा प्रेक्षकाला पडद्यावरचा पोलीस सहजासहजी फसवू शकत नाही. फसविले तर त्या फसवणुकीत प्रेक्षकाच्याही काही इच्छेचा भाग असतो.

१९८३ साली आलेल्या गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ या चित्रपटाचा विचार याच अंगाने व्हावयास हवा. चित्रपट हिंदी असला तरी त्याचे रक्त मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, शीर्षकामागची कविता दिलीप चित्रे यांची. फौजदार अनंत वेलणकराच्या भूमिकेसाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही अभिनयाचा मान मिळाला. रामा शेट्टी उभा करणारे सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवरून तेथे गेले होते.

त्यापूर्वी दहा वर्षे, १९७३ मध्ये, ‘जंजीर’ने एक संतप्त पोलीस अधिकारी लोकांना दिला होता. त्याच्या संतापाचे कारण वैयक्तिक होते. बालपणी आईबापांचा खून पाहिलेला तो मुलगा, आणि तेजाचा शेवट झाला की हिशेब मिटणारा. वेलणकराचा हिशेब कोणा एका माणसाशी नाही. त्याने पकडलेले गुंड वरून आलेल्या दूरध्वनीने सुटतात. गरिबाच्या बायकोला छळणाऱ्यांना तो कोठडीत घालतो, तर ते आमदाराची माणसे निघतात आणि निलंबनाची टांगती तलवार वेलणकराच्याच डोक्यावर येते. जिवावर उदार होऊन दरोडेखोर पकडावा तर श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर जाते. शफी इनामदारांनी रंगविलेला हैदर अली हा त्याचा वरिष्ठ वाईट माणूस नाही, ही या चित्रपटातील सर्वांत खरी गोष्ट म्हणावी लागेल. तो सज्जन आहे, हाताखालच्या माणसावर माया करणारा आहे, आणि त्या मायेपोटीच तो वेलणकराला मध्यस्थाकडे नेतो. व्यवस्था दुष्टांच्या बळावर जितकी चालते, त्याहून अधिक अशा समजूतदार, मुलाबाळांच्या माणसांच्या ‘जाऊ दे रे’वर चालते. तालुक्याच्या कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हा हैदर अली ओळखीचा वाटावा.

भावनेच्या बाजूने पाहता चित्रपटाचा गाभा पोलीस ठाण्यात नाही, घरात आहे. अमरीश पुरींनी साकारलेला बाप निवृत्त शिपाई आहे. बायकोला मारताना त्याचा हात थांबत नसे आणि लहान अनंत ते मुकाट्याने पाहत असे. मुलाला पुढे शिकायचे होते, बापाने त्याला पोलिसात घातले. पुढे हाच मुलगा कोठडीत एका किरकोळ चोराला मरेपर्यंत मारतो, तेव्हा चित्रपट एकही स्पष्टीकरण न देता सांगतो की दुर्बळावर उठणारा हा हात वारशाने आलेला आहे. ज्याच्यावर हात उगारावयाचा तो रामा शेट्टी त्या हाताच्या पलीकडे आहे, म्हणून तो हात चोरावर पडतो. वरून मिळालेला अपमान खाली उतरविण्याची ही रीत केवळ पोलिसांची नाही. पण पोलिसाजवळ त्यासाठी कुलूपबंद खोली असते.

येथपर्यंत चित्रपट खरा आहे. स्मिता पाटील यांची ज्योत्स्ना मात्र काहीशी उपरी राहते. प्राध्यापिका असलेली ही स्त्री वेलणकराचा विवेक म्हणून उभी केली आहे, आणि विवेकाची भूमिका दिलेल्या पात्राला स्वतःचे आयुष्य फारसे उरत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. त्यानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि चित्रपट आला त्याच १९८३ साली कोठडीतील बलात्काराविषयीचा कायदा बदलला. पोलीस ठाण्याविषयी त्या काळातील स्त्रीच्या मनात काय होते, हे सांगण्याची संधी ज्योत्स्नाच्या रूपाने हाताशी असूनही निसटली, असे वाटते.

याहून मोठी उणीव शिपायाची आहे. अनंताचा बाप शिपाई होता, पण शिपाई चित्रपटात भूतकाळ म्हणून येतो. वर्तमानातले शिपाई दार उघडतात, सलाम ठोकतात, आरोपीला धरून ठेवतात. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी मुंबईत काय घडले होते? १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. त्यांतील कितीतरी कुटुंबे याच तळकोकणात परतली होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने १८ ऑगस्टला शिपायांच्या संघटनेवर घाव घातला, नेत्यांना अटक केली. शिपाई रस्त्यावर उतरले, गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले, शहरात दंगल उसळली आणि ती शमविण्यास लष्कर बोलवावे लागले. साच्यावरचा भाऊ आणि पोलीस लाईनीतला भाऊ एकाच बाजूला उभे राहिल्याचा तो क्वचित येणारा दिवस. लुटालूटही झाली, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र संघटना गेली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

शिपायांच्या मागण्या काही स्वप्नाळू नव्हत्या. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायाचा प्रश्न हाती घेतला होता. दिवसाला दहा ते सोळा तास काम आणि आठवड्याचे सातही दिवस, अशी त्याची अवस्था आयोगापुढे आली होती. आयोगाचे अहवाल धूळ खात पडले. पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून मोकळे करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले ते थेट २००६ साली, आणि त्यांतून पळवाटा काढण्यात राज्य सरकारांनी जी कल्पकता दाखविली ती एरवी लोककल्याणाच्या कामी क्वचितच दिसते.

म्हणूनच ‘अर्धसत्य’च्या शेवटाकडे सावधपणे पाहावयास हवे. कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणातून सुटण्यासाठी वेलणकर रामा शेट्टीच्या दारी जातो, आणि तेथे त्याचा गळा दाबून ठार करतो. मग स्वतः पोलीस ठाण्यात हजर होतो. चित्रपटगृहांत या क्षणी टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी कोठडीत मेलेला चोर विसरला गेला. सिंधुदुर्गातील प्रेक्षकाला दशावतार ठाऊक आहे. संकासुर येतो, मालवणीत बोलून हशा पिकवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पण ते सारे आडदशावतारात. मुख्य आख्यान त्यानंतर उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. येथे संकासुर मरताच पडदा पडला, आणि आख्यान बाहेर, रस्त्यावर सुरू झाले.

कारण ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला होता, आणि पुढे ‘चकमक’ हा शब्द मुंबईत रोजचा झाला. २००४ च्या ‘अब तक छप्पन’मध्ये तर चकमकीत मारलेल्यांची संख्याच शीर्षक होऊन बसली. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांनी ठार केले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक बनावट ठरविली. फुले उधळणाऱ्यांत कष्टकरी होते, बायाबापड्या होत्या, न्यायालयाची पायरी झिजवून थकलेले होते. त्यांना हसणे सोपे आहे आणि कार्यकर्त्याने ते करू नये. त्यांचा राग वेलणकराचाच आहे.

तेंडुलकरांना हे पूर्ण ठाऊक असावे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्यांनी सत्ता कोतवाल कसा घडविते आणि काम सरल्यावर जमावाच्या हवाली कसा करते, ते दाखविले होते. तेथे घाशीरामाच्या मृत्यूवर टाळी वाजविणारा प्रेक्षक लगेच अस्वस्थ होतो, कारण नाना शिल्लक असतो. ‘अर्धसत्य’मध्येही नाना शिल्लक आहे. रामा शेट्टी महापालिकेच्या निवडणुकीला उभा होता, त्याला उभे करणारे आणि त्याच्यासाठी दूरध्वनी फिरविणारे सारे सुखरूप आहेत. त्यांचे चेहरे चित्रपटाने दाखविले नाहीत. वेलणकराच्या जागी उद्या कोण येईल, हे मात्र पोलीस लाईनीतल्या कोणत्याही शिपायाला विचारावे. त्याला बदलीचे आदेश आधी कळतात.