पेंड, भरडा आणि नायट्रोजनचा हिशेब
गाईच्या चाऱ्यातील प्रथिनांत वजनाने सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. ही प्रथिने आधी कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात पोहोचतात, जिथे असंख्य सूक्ष्मजीव त्यांतील बराच भाग फोडून अमोनिया तयार करतात आणि त्याच अमोनियापासून स्वतःची प्रथिने घडवतात, जी पुढे आतड्यात पचून दूधनिर्मितीला उपयोगी पडतात. या घडणीला ऊर्जा लागते आणि खरी मेख तिथेच आहे. लसूणघास किंवा शेंगदाणा पेंड भरपूर, पण मक्याच्या भरड्यासारखा पिष्टमय आहार अपुरा असेल, तर उरलेला अमोनिया रक्तात शोषला जातो आणि यकृत स्वतःची ऊर्जा खर्चून त्याचा युरिया बनवते. या युरियाचा काही भाग लाळेवाटे कोटीपोटात परततो, थोडा दुधात उतरतो आणि बराचसा मूत्रातून जातो. सकाळी गोठ्यात नाकात शिरणारा उग्र दर्प म्हणजे शेणातील जिवाणूंनी त्या युरियापासून पुन्हा बनवलेला अमोनियाच होय. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण पाव भागच दुधात येतो. म्हणून दूध घटताच नुसती पेंड वाढवू नये. पशुपालकांनी पेंड आणि भरडा यांचे प्रमाण पशुआहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.